खाणीच्या डंपाचं परत रान करायचं शिक्षण कुठे मिळतं? आणि घरच्यांना काय सांगू?

टिप्परवाल्याची लेक
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातली. गावाचं नाव देत नाही. मागच्या दारी उभं राहिलं की समोर खाणीतल्या उपशाचा ढीग, म्हणजे डंप, दिसतो, एवढं सांगितलं तरी गोव्यातल्यांना पुरे. बॉटनी घेऊन टी.वाय.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे.

पप्पांचा स्वतःचा टिप्पर होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तेव्हा मी दुसरीत होते. टिप्पर अंगणात उभा राहिला. आम्ही भावंडं हौद्यात लपाछपी खेळायचो, पावसात त्यात पाणी साचून बेडूकसुद्धा झाले होते. मध्ये थोडं चाललं, मग २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद. त्या वर्षी टिप्पर विकला. पप्पा आता शाळेची बालरथ चालवतात.

आमचं शेत डंपाच्या पायथ्याला. आजी सांगते, तिथे सरद म्हणजे पावसाळी आणि वायंगण म्हणजे पावसानंतरचं, अशी भाताची दोन्ही पिकं निघायची. मला आठवतं ते वेगळंच: पहिल्या मोठ्या पावसात डंपावरून लाल गाळ खाली यायचा आणि तरव्यावर बसायचा. दोन-तीन वर्षं पप्पांनी फावड्याने ओढून काढला, मग सोडून दिलं. उन्हाळ्यात तो गाळ खापऱ्यांसारखा तडकतो, कडा वर वळतात. वरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

इकॉलॉजीच्या पेपरात ‘रिस्टोरेशन’ म्हणून दीड पान होतं. बाई तासावर म्हणाल्या की संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच परिसंस्था पुनर्स्थापनेसाठी ठरवलंय, आणि पुढच्या टॉपिकवर गेल्या. मी मात्र त्या दीड पानातच अडकून बसले आहे. एम.एस्सी. यातच करावं असं वाटतं. पण हे नक्की कुठे शिकवतात? पोट भरतं का? आणि खरं विचारायचं तर, हे होतं का? की वनमहोत्सवाला रोप हातात धरून फोटो काढतात, त्याचंच हे मोठं नाव आहे?

आईचं म्हणणं बी.एड. कर. पप्पा काही बोलत नाहीत. परवा जेवताना एवढंच म्हणाले, “आम्ही जन्मभर जी माती वर नेऊन ओतली, ती तू खाली आणणार काय?” थट्टा होती की काय, कळलं नाही.


साखळीकर_६६
सोमवार, सकाळी ७:०५

आई बरोबर सांगते. बी.एड. कर, शिक्षिका हो, रविवारी हवी तेवढी झाडं लाव. ही असली नवी नवी नावं दर पाच वर्षांनी निघतात. आमच्या वेळी ‘पर्यावरण’ होतं, मग ‘शाश्वत विकास’ आला, आता हे.

आणि डंपांचं म्हणशील तर साखळीहून डिचोलीला जाताना बघ, कितीतरी डंप हिरवेगार झालेत. अकेशिया लावली, वाढली, विषय संपला. आता त्यात आणखी काय पुनर्स्थापना करणार? हिरवं ते हिरवं. माझा पुतण्या असली कसलीशी डिग्री घेऊन आला आणि आता पर्वरीला विमा विकतो. राग मानू नकोस, अनुभवाचं सांगतो.


कुडा_करवंद
सोमवार, रात्री ११:३०

काका, तुमच्या ‘हिरवं ते हिरवं’पासूनच सुरुवात करते, कारण माझ्या पहिल्या नोकरीत मी नेमकं तेच लिहून दिलं होतं.

मी फोंड्याकडची. बॉटनी, मग बाहेर जाऊन फॉरेस्ट्रीत एम.एस्सी. या कामात बारा वर्षं झाली. पहिलं काम होतं एका डंपावर रोपं मोजायचं. कुणाचा डंप ते सोडा. जूनमध्ये लावलेली रोपं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजायची, जगली किती त्याचा अहवाल द्यायचा. गोव्यात सप्टेंबरात कुंपणाला ठोकलेला पांगाऱ्याचा दांडासुद्धा पालवतो. मी शंभरातली ब्याण्णव जिवंत असं लिहून दिलं, सगळे खूश. पुढच्या मे महिन्यात एका लग्नाला त्या बाजूला गेले होते, साडी नेसलेलीच डंपावर चढले. ओळीने बांबूच्या काठ्या उभ्या, काठ्यांना नंबर, आणि रोपं नाहीत. माझ्या शंभरातली दहा-बारा असतील. अहवालात ब्याण्णव ते ब्याण्णवच, खाली माझी सही.

त्या दिवशी राखणदाराकडून पहार मागून घेतली आणि एक मेलेलं रोप उकरलं. वर चार बोटं भुसभुशीत, शेणखत घातलेलं. त्याखाली साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, फिक्कट गुलाबी चिकण थर. पहार आत जाईना, नुसती ठण ठण करून परत येई. मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरली होती, वाटीत शेवया बसाव्यात तशी. खड्ड्याची भिंत ओलांडून एकही मूळ बाहेर गेलं नव्हतं. आम्ही रोप जमिनीत लावलंच नव्हतं. मातीच्या एका मोठ्या कुंडीत लावलं होतं आणि पाऊस गेल्यावर कुंडी सुकली.

तर टिप्परवाल्याची लेक, पहिली गोष्ट ही की डंप म्हणजे माती नव्हे. गोव्यात एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन बाकीचं उपसावं लागतं, ते म्हणजे डंप. खोलवरून आलेला चिकण, दगड, जांभ्याचे तुकडे, सगळी सरमिसळ. त्यात कुजलेला पाला नाही, बी नाही, गांडूळ नाही. मुळांना पाणी आणि फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरशीचे धागे नाहीत. त्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि नंतरचे सात-आठ महिने थेंब नाही. अशा जागी झाड हे शेवटचं काम. आधी पाणी. उतार पायऱ्यापायऱ्यांनी बसता करायचा, वरचं पाणी उतारावरून न धावता कुठून उतरेल ती वाट बांधायची, पायथ्याला जांभ्याची भिंत, भिंतीपुढे गाळ बसायला कोंड. हे झालं असतं तर तुझ्या आजीचं वायंगण गेलं नसतं. मग काथ्याची जाळी, गवत, वाळा, शेंगवर्गीय वेली. दोन-तीन पावसांनी मातीला जरा मातीचा वास येऊ लागला की झुडपं. मोठी झाडं त्यानंतर.

आता अकेशिया. मी तिला शिव्या देणार नाही. जिथे काही उभं राहत नव्हतं तिथे ती उभी राहिली, हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींतून जमिनीत आणते, आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. गोव्यात ती लावली ती याचसाठी. पण काका, एकदा गाडी थांबवून तिच्या खाली जाऊन बसा. आपण जिला पान म्हणतो तो खरं तर पसरट झालेला देठ असतो, चामड्यासारखा, लवकर कुजत नाही. खाली त्याचीच चटई. पंधरा-वीस वर्षांनीही चटईखालून वर येणारं रोप पाहिलं तर बहुतेक अकेशियाचंच. पक्षी थोडे, फुलपाखरं त्याहून थोडी. रस्त्यावरून हिरवं दिसतं हे खरं, मीच तसं लिहून दिलं होतं. सध्या आम्ही एके ठिकाणी करतो ते असं: तिच्यातली तीनातली एक ओळ काढायची आणि उरलेल्या सावलीत किंदळ, कुंभा, कुडा, करवंद घुसवायचे. तिला दाई म्हणून वापरायची, मालकीण करायची नाही.

तू विचारलंस हे होतं का. सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन नावाची जागतिक संस्था १९८८ पासून आहे. तिच्या व्याख्येचा मथितार्थ असा की बिघडलेल्या, मोडलेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरायला मदत करणं. मला त्यातला ‘मदत’ हा शब्द फार आवडतो. सावरायचं तिचं तिनेच. आपण आड आलेला दगड बाजूला करायचा.

पण सावरून जायचं कुठे, हे ठरवायला एक नमुना लागतो. यात मी एम.एस्सी.ला असताना मस्त आपटले. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे, तू पाहिली असशील. नसशील तर पुढच्या रविवारीच जा. रानजायफळांची दलदल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, भर एप्रिलात थंडगार. मी भारावून परत आले आणि सरांना सांगितलं, माझ्या डंपाचा नमुना मला मिळाला. सर हसत सुटले. म्हणाले, “अगं, तिथे बारा महिने पाणी ठरतं. तुझा डंप म्हणजे उलटी घातलेली कढई.” डंपाचा नमुना शोधायचा तर जवळचा उघडा, जांभ्याचा, उन्हात तापणारा डोंगरउतार शोधायचा. तिथलं करवंद, उक्षी, पिटकोळी हेच तुझे पहिले पाहुणे. देवराई नव्हे, काट्याकुट्याचं रान. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, ही वेगळीच अडचण.

याची उलटी चूकही होते, तीही सांगून टाकते. सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, उघडा दिसला की कुणाला तरी तिथे वृक्षारोपण करावंसं वाटतं. सडा ओसाड नसतोच. जुलैत गुडघे टेकून बघ, बोटाच्या पेराएवढ्या फुलांचं अख्खं गाव असतं, त्यातली काही तर किडे खाऊन जगतात. तिथे खड्डे मारून झाडं लावणं म्हणजे चांगल्या घरात घुसून दुरुस्ती करण्यासारखं आहे.

शिक्षणाचं. ‘पुनर्स्थापना’ नावाच्या पाटीचा विभाग शोधत बसू नकोस. या कामात भेटणारी माणसं वनस्पतिशास्त्र, वानिकी, मृदाशास्त्र, भूगर्भशास्त्र, क्वचित सिव्हिल इंजिनिअरिंग अशा वाटांनी आलेली असतात. घराजवळ राहायचं तर ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र घे. मुळांतल्या बुरशीवर, म्हणजे मायकोरायझावर, त्या विभागात बऱ्याच वर्षांपासून काम चालत आलंय, आणि डंपासाठी रोपवाटिकेतच ही बुरशी रोपाला लावून देणं किती कामाचं असतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर जायची तयारी असेल तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात एम.एस्सी. फॉरेस्ट्री आहे, प्रवेश परीक्षा असते, बॉटनीवाल्यांना चालते. बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. आहे, पण ते दोन वर्षांतून एकदाच मुलं घेतं, तारखांवर लक्ष ठेव. दापोलीचं वानिकी महाविद्यालय उत्तम, पण ती वाट बारावीनंतरची. धाकटं भावंड असेल तर त्याला सांग. आणि सुट्टीत कुठे हात काळे करायला जायचं असेल तर तमिळनाडूत आनैमलै डोंगरात वालपारैला जा. चहामळ्यांच्या मध्ये अडकलेल्या रानाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक वीसहून जास्त वर्षं राबतायत. एकेका प्रजातीचं बी कधी पडतं, किती दिवसांत रुजतं, याच्या नोंदी कशा ठेवायच्या ते तिथे कळतं.

पैशांचं खोटं सांगणार नाही. माझी पहिली चार वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून गेली, अकरा महिन्यांचा करार, बारावा महिना आईच्या जिवावर. पण खाणींच्या २०१७ च्या नियमांत खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने मिटवण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि शेवटी पूर्ण मिटवण्याचा वेगळा. तो कागदावर कसाही असो, लिहायला आणि तपासायला माणूस लागतोच. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिक, फुकट मिळतं, आणि ते येणाऱ्याला काम मिळतं. वन-फोर्टीनचा उतारा, म्हणजे गोव्याचा सात-बारा, वाचायला शिक, ते मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नाही. जमीन कुणाची, कूळ कोण, हे न बघता लावलेलं रान पाच वर्षांत कुणीतरी सपाट करतं.

आणि आता तुझ्या पप्पांचं. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा पार्क आहे. २००६ पासून प्रदीप क्रिशन आणि त्यांच्या माणसांनी तिथल्या कातळातली विलायती बाभूळ काढून मारवाडातली अस्सल झाडं आणली. बाभळीची मुळं कातळाच्या फटींत, वरून तोडली की परत फुटायची. शेवटी त्यांनी खंडवालिये आणले, पिढ्यानपिढ्या दगडाच्या खाणींत राबलेले. दगड कसा फुटतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि काम झालं.

डंप कुणाला ठाऊक असतो? ज्याने तो खेप खेप करून ओतला त्याला. कुठल्या बाजूला खालचा चिकण आहे, कुठे वरची माती पडली, कुठे पाणी मुरून भेग पडते, हे नकाशावर नसतं. मला एका जागी ते शोधायला दोन वर्षं आणि चाळीस खड्डे लागले. तुझ्या घरात तो माणूस जेवायला बसतो. त्यांना घेऊन एकदा डंपावर जा आणि नुसतं ऐक.


मानशीकार
मंगळवार, दुपारी ३:४८

मी चोडणेचा, वय बहात्तर. नातवाच्या फोनवरून लिहितो, चुका झाल्यास सांभाळून घ्या.

बाय, डंपाचंच घेऊन बसू नको. आमच्या खाजनांकडेही बघ. गोव्यात अठरा हजार हेक्टरच्या आसपास खाजन सांगतात, त्यातलं किती आज पिकतं ते बघायला ये. भरतीच्या पाण्याच्या खालच्या पातळीवर शेत, मध्ये मातीचा बांध, आणि बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीची फळी कशी चालते सांगतो. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलतं, ती उघडते, पाणी नदीत जातं. भरतीला नदीच तिला ढकलते, ती मिटते. मोटर नाही, माणूस नाही, चंद्र चालवतो. माझा बाप रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फळीच्या आवाजावरून सांगायचा, आज काहीतरी अडकलंय. आणि खरंच, सकाळी बघावं तर नारळाची झावळी.

पूर्वी गांवकारी, म्हणजे गावकऱ्यांची जुनी संस्था, बांध बघायची. मग कूळ कायदा आला, १९६४ चा. पुढे जमीन कसणाऱ्याला मिळाली, चांगलंच झालं, मीही कूळच. पण बांध कुणाचा, तो सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. त्यात नदीतून खनिजाच्या बार्जी जायच्या, त्यांच्या लाटा बांधाला. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, मासळीवाल्याला खारं पाणी आत हवं, भातवाल्याला नको. आमचा एक बांध फुटला, आज-उद्या करत राहिला, आणि सहा-सात वर्षांत शेतात तिवर नि कांदळ माणसाच्या डोक्यावर गेले.

आता तू शिकून ये आणि मला सांग, पुनर्स्थापना म्हणजे काय करायचं? मला विचारशील तर कोरगुट, आमचं खाऱ्या जमिनीतलं भात, पेरायचा. कायद्याला विचारशील तर कांदळाला हात लावायचा नाही. पलीकडे सलीम अली अभयारण्यात दुर्बीण घेऊन येतात त्यांना विचारशील तर म्हणतील भात नको, कांदळ नको, चिखल तसाच ठेवा, पाखरं उतरतात. तिघेही खरे.


कुडा_करवंद
मंगळवार, रात्री ९:२०

काका, तुमच्या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर नाही, आणि मी परीक्षक असते तर हाच एक प्रश्न शंभर मार्कांना घातला असता.

माझं मत सांगते, पटणार नाही कदाचित. खाजन मुळात माणसानेच घडवलेलं. त्याचा ‘मूळ’ नमुना शोधत मागे गेलं तर कांदळवनच लागेल, पण शेकडो वर्षं भात, मासळी, मीठ आणि पाखरं एकत्र नांदली तेही निसर्गाचंच एक रूप झालं. मला वाटतं बांधाबाहेर कांदळ भरपूर हवेत, लाटा तेच अडवतात. आत, जिथे बांध फुटून दोन-तीन पावसाळेच झाले आणि कांदळ अजून उभे राहिले नाहीत, तिथे आधी बांध सांधावा, मानस बसवावी, पहिल्या पावसाला मीठ धुऊन जाऊ द्यावं आणि भात घ्यावं. जुने गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने कोरगुटातूनच निवडून ‘गोवा धान’ची खारं सोसणारी वाणं काढली आहेत, ती बघा. जिथे कांदळ डोक्यावर गेले ते आता गेले. ते तोडा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. २०११ च्या किनारपट्टी अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा आराखडा करा असं म्हटलंय आणि खाजनालगतचे कांदळ राखा असंही त्याच ओळीत म्हटलंय. त्या एका ओळीत तुमचं नि दुर्बीणवाल्यांचं भांडण मावलेलं आहे.

बांध मात्र आज-उद्या करत राहिला, हे तुम्हीच लिहिलंत. खाजनात पुनर्स्थापना करायची ती आधी त्याची. बांध बघायला रात्री कोण उठणार, हे एकदा ठरवा. मानशीची फळी मी करून देते.


साखळीकर_६६
बुधवार, सकाळी ६:५०

काल संध्याकाळी गाडी थांबवून अकेशियाखाली जाऊन आलो. चटईचं बरोबर आहे. चपलेत दोन काटे आले आणि बायको विचारते कुठे गेला होता. बी.एड.चं माझं मत कायम आहे.


टिप्परवाल्याची लेक
तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३५

उशीर झाला, इंटर्नल्स होत्या. आज पप्पांबरोबर जाऊन आले.

आधी यायलाच तयार नव्हते. म्हणाले, काय बघायचं तिथे. मग आईने डबा भरून दिला तेव्हा उठले. वर चढेपर्यंत गप्प. वर गेल्यावर मात्र सुरू झाले ते थांबेनात. ही उजवी बाजू चीनला माल जायचा त्या वर्षांतली, रात्रपाळीच्या खेपा, घाईत ओतलेली, म्हणून इथे घळ पडते. ही मधली पायरी नंतर पोकलेनने कापलेली. तिथे खाली पाणी मुरतं, एकदा एका गाडीचं मागचं चाक तिथेच खचलं होतं. मी वहीत नकाशा काढत गेले, त्यांनी वही हातातून घेऊन दोन रेषा खोडून नीट काढल्या.

उत्तरेच्या कोपऱ्यात अकेशियाच्या मध्येच एक तुकडा आहे, आमच्या अंगणाएवढा. तिथे उक्षी, कुडा, करवंदाच्या जाळ्या, एक चांदाडा. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं की हे पक्ष्यांनी बी आणून झालं असावं. पप्पा तिथे पोचले आणि हसायलाच लागले. म्हणाले, “ह्या माझ्या खेपा.” नवीन तोंड उघडताना डोंगराची वरची माती काढली होती, ती वेगळ्या जागी साठवायची होती. पप्पा त्या वाटेवर नवखे, त्यांनी ती इथे आणून ओतली. तीन खेपा. चौथीला सुपरवायझरने पकडलं आणि सगळ्यांसमोर शिव्या घातल्या, त्या दिवसाचे पैसेही कापले. हे घरात कधी सांगितलं नव्हतं.

मी पहार नेली होती. त्या तुकड्यात दोन हात आत गेली. तिथून दहा पावलांवर अकेशियाखाली वीतभरसुद्धा नाही. तुकड्यातल्या मातीत एक गांडूळ मिळालं, पप्पांनी तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं आणि परत ठेवलं.

डेहराडूनचा फॉर्म कधी निघतो ते बघतेय. गोवा विद्यापीठाचाही भरणार. आई अजून बी.एड.वरच आहे.


कुडा_करवंद
रविवार, रात्री ८:०२

अगं बाई. तो तुकडा म्हणजे पेरणी न करता झालेला प्रयोग आहे. बी मातीतच होतं. साठवून उंच ढीग केला असता तर आतलं बहुतेक मेलं असतं. पप्पांनी चुकून पातळ पसरलं आणि लगेच ओतलं, म्हणून जगलं.

आता भावुक होऊ नकोस, माप घे. तुकड्याच्या चार कोपऱ्यांना जांभ्याचे दगड लाव, रंग असेल तर लाव. आतली प्रत्येक जात मोज, बाहेर तेवढ्याच मापाचा अकेशियाचा चौकोन आखून तोही मोज. आणि पप्पांना विचार: हौद्यात किती घनमीटर माती मावायची, पावसाच्या आधी ओतली की नंतर, आणि साल कुठलं. पहिला पाऊस पडायच्या आत मी येते. पहार आहेच तुझ्याकडे, मी फक्त टेप आणि पिशव्या घेऊन येईन.